त्यांच्या विश्वासाचे अनुकरण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी निवडलेल्या पाच पत्रांचा विषय एकच आहे: पवित्र शास्त्रातील विश्वासाच्या उदाहरणांपासून आपण काय शिकावे आणि काय शिकू नये. बहुतेक पत्रांत इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ११व्या अध्यायाचा, म्हणजे विश्वासाने जगलेल्या माणसांची यादी देणाऱ्या अध्यायाचा, उल्लेख आहे, त्यामुळे उत्तरेही पुन्हापुन्हा त्याच अध्यायाकडे वळतात. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : अब्राहामाने स्वतःच्या पत्नीला बहीण म्हणून सांगितले, दावीदाने व्यभिचार आणि खून केला, शमशोनाच्या वागण्याविषयी तर बोलायलाच नको. तरीही विश्वासाची उदाहरणे म्हणून उपदेशांत हीच नावे घेतली जातात. ज्यांचे चरित्र असे आहे त्यांच्यापासून तरुणांनी नेमके काय शिकावे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि ती काढण्याची सामग्री शास्त्रानेच तुमच्या हाती दिली आहे. अब्राहामाचे ते अर्धसत्य (पत्नी सारा ही त्याची सावत्र बहीणही होती) दोनदा नोंदलेले आहे, प्रथम मिसर देशात (उत्पत्ती १२) आणि नंतर गरार येथे (उत्पत्ती २०). दुसरी घटना तर सारेला वर्षभरात पुत्र होईल असे अभिवचन मिळाल्यानंतरच्या कथनात येते. म्हणजे इतकी वर्षे देवाबरोबर चाललेल्या माणसाच्या मनात तेच जुने भय पुन्हा उभे राहिले. दावीदाची कहाणी सांगून झाल्यावर, त्याने केलेले हे कृत्य परमेश्वराच्या दृष्टीने वाईट होते, असे लेखकाने स्वच्छ लिहून ठेवले (२ शमुवेल ११:२७). पुढे कित्येक शतकांनी मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ दिली, तेव्हा शलमोनाच्या आईचे नाव न लिहिता उरीयाची पत्नी एवढाच तिचा उल्लेख केला, आणि दावीदाने मारवलेल्या त्या निष्ठावंत सैनिकाची आठवण ख्रिस्ताच्या वंशावळीत कायमची राहिली.

जे शास्त्र आपल्या थोर माणसांचे अपराध इतक्या उघडपणे सांगते, ते त्यांना निर्दोष आदर्श म्हणून आपल्यापुढे उभे करीत नाही. इब्री १३:७ मध्ये देवाचे वचन सांगणाऱ्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, त्यांच्या वर्तणुकीचा परिणाम लक्षात आणा आणि त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करा, असे म्हटले आहे. अनुकरण करायचे आहे ते विश्वासाचे. हाच नियम जुन्या साक्षीदारांनाही लावावा असे मला वाटते. त्यांचा प्रत्येक निर्णय, प्रत्येक डावपेच किंवा प्रत्येक नवस उचलून घ्यावा असे शास्त्र कोठेही सांगत नाही. इफ्ताहाचे नाव इब्री ११:३२ मध्ये आहे, म्हणून विजय मिळाल्यास घरातून जे प्रथम बाहेर येईल त्याचा होम करीन हा त्याचा भयंकर नवस अनुकरणीय ठरत नाही. शास्ते या पुस्तकाचा शेवटच असा आहे की त्या दिवसांत जो तो आपल्याला बरे दिसेल ते करीत असे. शास्त्रात सांगितलेली प्रत्येक गोष्ट शास्त्राला मान्य असतेच असे नाही, एवढे ध्यानात घेऊन वाचले तर बराच गोंधळ टळतो.

अब्राहामाच्या आयुष्यातील काही वयांचे आकडे शेजारीशेजारी मांडून पाहा. त्याने हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. सारेची दासी हागार हिला त्याच्यापासून इश्माएल झाला तेव्हा ८६ वर्षांचा. त्यानंतरच्या तेरा वर्षांविषयी उत्पत्तीचे पुस्तक काहीही सांगत नाही. पुढचा प्रसंग तो ९९ वर्षांचा असतानाचा आहे. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मात्र त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व गणण्यात आला, हे वचन उत्पत्ती १५:६ मध्ये आहे, म्हणजे हागारेच्या प्रकरणाच्या आधी, सुंतेच्या आधी आणि मोरिया देशात इसहाकाला अर्पण करण्यास सांगितले त्या कसोटीच्या तर पुष्कळच आधी. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हाच क्रम पुढे करून सांगतो की अब्राहामाला मिळालेली मान्यता त्याच्या कर्तबगारीचे वेतन नव्हते. देवाने ज्याला स्वीकारले तो माणूस नंतरही चुकला, सावरला, थांबला आणि शेवटी आपल्या एकुलत्या पुत्राला घेऊन डोंगर चढला. तरुणांना हा सगळा प्रवास सांगा. केवळ मोरियाचा दिवस सांगितला तर ते एकतर भारावून जातात किंवा हे आपल्याच्याने होणार नाही म्हणून सोडून देतात.

दावीदाविषयी शिकायचे तर त्याच्या आधीचा राजा शौल याच्याबरोबर त्याची तुलना करावी. शमुवेल संदेष्ट्याने शौलाला त्याचा अपराध दाखवला तेव्हा त्याने आधी लोकांवर दोष ढकलला, मग पाप कबूल केले, परंतु त्याच श्वासात वडीलजनांसमोर माझा मान राख अशी विनंतीही केली (१ शमुवेल १५). नाथान संदेष्ट्याने दावीदाला सुनावले तेव्हा, मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे, एवढेच दावीद बोलला. राजा असून त्याने संदेष्ट्याला गप्प बसवले नाही. विश्वास म्हणजे काय ते येथे दिसते: आपली अब्रू वाचवण्यापेक्षा देवासमोर खरे बोलणे त्याला अधिक सुरक्षित वाटले.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. मंडळीतील एखाद्या जबाबदार व्यक्तीचा अपराध उघड झाला की "दावीदही चुकला होता" असे म्हणून प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न कधीकधी होतो. हा वचनाचा गैरवापर आहे. दावीदाला क्षमा मिळाली, पण तरवार तुझ्या घरातून दूर होणार नाही हेही त्याला त्याच वेळी सांगण्यात आले (२ शमुवेल १२:१०). ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय नाकारण्यासाठी दावीदाचे नाव घेण्याचा कोणालाही अधिकार नाही.

प्रश्न : माझ्या पतींच्या आजारपणात आम्ही उपास केले, प्रार्थना केल्या, मंडळीनेही प्रार्थना केल्या. शेवटी ते प्रभूकडे गेले. आता प्रार्थनासभेतल्या काही जणी म्हणतात की अब्राहामासारखा विश्वास असता तर त्याला इसहाक परत मिळाला तसे तुलाही तुझे माणूस परत मिळाले असते. मी रात्ररात्र विचार करते की माझाच विश्वास कमी पडला काय. मला खरे उत्तर हवे आहे.

उत्तर : प्रिय भगिनी, खरे उत्तर असे की तुम्हांला जे सांगण्यात आले ते शास्त्राची शिकवण नाही. तुमच्या पतींचा मृत्यू तुमच्या विश्वासातील उणिवेमुळे झाला असे म्हणण्याचा अधिकार देवाच्या वचनाने कोणालाही दिलेला नाही.

इब्री ११ हाच अध्याय पुन्हा उघडा आणि ३३व्या वचनापासून सावकाश वाचा. विश्वासाच्या द्वारे कोणी राज्ये जिंकली, कोणी सिंहांची तोंडे बंद केली, कोणी तरवारीच्या धारेपासून बचावले, स्त्रियांना त्यांची मेलेली माणसे पुनरुत्थान होऊन परत मिळाली. येथे ३५वे वचन अर्ध्यावर येते आणि तेथेच ते वळते: दुसऱ्या कित्येकांनी हाल सोसले, कोणाला टवाळ्या व फटके मिळाले, कोणाला दगडमार झाला, कोणाला करवतीने चिरले, कोणी तरवारीच्या धारेने मेले. तरवारीपासून बचावलेले आणि तरवारीने मेलेले असे दोघेही एकाच यादीत आहेत, आणि ३९वे वचन त्या सर्वांविषयी म्हणते की विश्वासाच्या द्वारे त्यांच्याबद्दल चांगली साक्ष देण्यात आली. पत्राच्या लेखकाने पहिल्या गटाला अधिक गुण आणि दुसऱ्याला कमी असे कोठेही केलेले नाही. ज्या भगिनींनी तुम्हांला अब्राहामाचे उदाहरण दिले त्यांनी हा अध्याय ३५व्या वचनाच्या मध्यावर थांबवला, असेच म्हणावे लागते.

प्रेषितांच्या कृत्यांचा १२वा अध्याय तर या प्रश्नासाठीच लिहिला असावा असे वाटण्याइतका स्पष्ट आहे. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारले. मग त्याने पेत्राला धरले, आणि देवदूताने पेत्राला तुरुंगातून बाहेर आणले. याकोब आणि पेत्र हे दोघेही प्रभूच्या अगदी निकटच्या तिघांपैकी होते. याकोबाचा विश्वास कमी होता असा एक शब्दही तेथे नाही. आणि पेत्राकरता एकाग्रतेने प्रार्थना करणारी जी मंडळी होती, तिच्या विश्वासाची अवस्था पाहा: पेत्र दाराशी आला आहे असे रुदा नावाच्या मुलीने धावत येऊन सांगितले, तेव्हा त्यांनी तिलाच वेडी ठरवले. त्यांची प्रार्थना ऐकली गेली, पण ती त्यांच्या खात्रीच्या जोरावर ऐकली गेली असे कोणी म्हणू शकणार नाही.

पौलाच्या शरीरातील काटा त्याने तीनदा विनंती करूनही निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, हे उत्तर त्याला मिळाले (२ करिंथ १२). त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी ठेवून पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यांवर त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा साधा सल्ला दिला, विश्वास वाढव असे सांगितले नाही.

तुमच्यासमोर कदाचित दुसरी वचनेही ठेवली जातील, म्हणून त्यांविषयीही लिहितो. प्रभूने रक्तस्रावी स्त्रीला, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे, असे म्हटले हे खरे आहे, आणि त्या वचनातले सांत्वन कमी करण्याची माझी इच्छा नाही. परंतु बेथेसदा तळ्याजवळच्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण हेसुद्धा ठाऊक नव्हते (योहान ५:१३). नाईन गावच्या विधवेने काहीच मागितले नव्हते. प्रभूला तिचा कळवळा आला आणि त्याने तिचा मुलगा उठवला (लूक ७). आपल्या मुलाला घेऊन आलेल्या बापाने, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, अशी अर्धीमुर्धी कबुली दिली आणि तेवढी पुरली (मार्क ९:२४). नासरेथात प्रभूने थोडेच चमत्कार केले असे मार्क ६ मध्ये आहे, पण ते लोक त्याला नाकारणारे आणि त्याच्याविषयी अडखळणारे होते. रडत त्याच्या पायांशी आलेल्या कोणालाही त्याने अविश्वासाचा दोष देऊन परत पाठवल्याचे शुभवर्तमानांत आढळत नाही.

आता अब्राहामाविषयी. त्याला इसहाक परत मिळाला, परंतु त्याच अब्राहामाने पुढे सारेला मूठमाती दिली, आणि तो तिच्यासाठी शोक करण्यास व रडण्यास आला असे उत्पत्ती २३:२ सांगते. त्या दिवशी त्याचा विश्वास मोरियाच्या दिवसापेक्षा कमी होता काय? ज्या देशाचे अभिवचन त्याला मिळाले होते त्या देशात त्याच्या मालकीचे काही झाले ते पत्नीच्या कबरेसाठी विकत घेतलेले एक शेत आणि त्यातील गुहा. अभिवचनाची पूर्ती न पाहता ही सर्व माणसे विश्वासात मेली, हे इब्री ११:१३ मध्ये याच लोकांविषयी लिहिले आहे. त्यांची दृष्टी ज्या नगराकडे होती ते नगर पुनरुत्थानाच्या पलीकडे आहे, आणि तुमच्या पतींच्या बाबतीतही देवाने आपला शब्द मागे घेतलेला नाही, तो अजून पुरा व्हायचा आहे.

तोपर्यंत तुम्हांला रडण्याची आणि देवाशी वाद घालण्याचीही मोकळीक आहे. १३वे स्तोत्र, हे परमेश्वरा, कोठवर, या प्रश्नाने सुरू होते. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते देवाच्या लोकांनी गायचे स्तोत्र म्हणून जपले गेले. मार्था आणि मरिया या दोघींनीही प्रभूला, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असे तोंडावर सांगितले. त्याने त्यांना दटावले नाही. थोड्याच वेळात लाजाराला उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला.

ईयोबाच्या मित्रांनी सर्वांत चांगले काम पहिल्या सात दिवसांत केले, जेव्हा ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत (ईयोब २:१३). पुढे ते स्पष्टीकरणे देऊ लागले, आणि शेवटी परमेश्वराने सांगितले की ते त्याच्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. तुमच्या मंडळीत असे शांतपणे जवळ बसू शकणारे एक-दोन लोक असतील, त्यांच्याकडे जा. त्या प्रार्थनासभेत काही काळ गेला नाहीत तरी चालेल. आणि शक्य असेल तर हे पत्र आपल्या पाळकांना वाचायला द्या, कारण शोकात असलेल्या माणसावर असा दोष ठेवू नये हे मंडळीला शिकवण्याचे काम त्यांचे आहे, तुमचे नाही.

प्रश्न : माझ्यापुढे विवाहाचा आणि नोकरीचा असे दोन्ही निर्णय आहेत. गिदोनाने लोकरीची खूण मागितली तशी मीही देवाकडे खूण मागावी काय? माझ्या मित्राने अशी खूण मागून निर्णय घेतला आणि आता तो संभ्रमात आहे.

उत्तर : गिदोनाची गोष्ट शास्ते ६ व ७ मध्ये सलग वाचलीत तर दिसेल की रात्री लोकर पसरून दव तिच्यावर पडते की भोवतालच्या जमिनीवर ही खूण मागण्यापूर्वीच देवाची आज्ञा त्याला स्पष्ट शब्दांत मिळालेली होती. मिद्यानी लोकांच्या हातून इस्राएलाला सोडव, मी तुला पाठवतो, हे त्याला ६:१४ मध्येच सांगण्यात आले होते. त्याला काय करायचे ते ठाऊक होते. धैर्य होत नव्हते. स्वतः गिदोनालाही आपण मागतो ते योग्य नाही याची जाणीव होती, म्हणून दुसऱ्यांदा मागताना माझ्यावर रागावू नको अशी विनंती त्याने केली. देवाने त्या भित्र्या माणसाला सांभाळून घेतले. त्यातून देवाची सहनशीलता शिकावी; खूण मागण्याची पद्धत शिकावी असे मला वाटत नाही.

किंबहुना गिदोनाच्या विश्वासाचा खरा प्रसंग लोकरीनंतरचा आहे. त्याच्याजवळ ३२,००० माणसे होती. जो भितो त्याने परत जावे असे सांगितल्यावर २२,००० गेली, उरलेल्या १०,००० पैकी पाण्याजवळच्या पारखीनंतर फक्त ३०० राहिली, आणि तेवढ्यांना घेऊन तो निघाला. खुणेने मिळालेली खात्री येथे पुरली नसती. हेही लक्षात घ्यावे की त्याच माणसाने विजयानंतर सोन्याचे एफोद (याजकाच्या वस्त्रासारखी वस्तू) बनवले आणि ते त्याच्या घराण्याला पाश झाले (८:२७), म्हणजे खुणा पाहिलेला माणूसही पुढे चुकत नाही असे नाही.

विवाहाच्या बाबतीत अब्राहामाच्या सेवकाचे उदाहरण तुम्हांला अधिक उपयोगी पडेल. उत्पत्ती २४ मध्ये त्यानेही खूण मागितली होती, पण ती कशी होती पाहा: जी मुलगी मला पाणी देईल आणि न सांगता माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल तीच नेमलेली असो. त्याच्याजवळ दहा उंट होते, आणि प्रवासाने तहानलेल्या दहा उंटांना विहिरीतून पाणी काढून पाजणे हे कंबर मोडणारे काम आहे. त्या खुणेत मुलीची सेवावृत्ती, कष्टाळूपणा आणि परक्याविषयीची आस्था यांची पारख आपोआप होत होती. शिवाय रिबकेच्या घरच्यांनी तिला बोलावून, तू या मनुष्याबरोबर जातेस काय, असे विचारले आणि तिने जाते म्हटल्यावरच तिला पाठवले. तेव्हा ज्या व्यक्तीचा विचार चालला आहे तिचा स्वभाव, तिचा विश्वास आणि तिची स्वतःची इच्छा ही सगळी नीट जाणून घ्या. असे चौकशीपूर्वक पाहणे अविश्वासाचे लक्षण नाही.

नोकरीविषयी याकोब १:५ प्रमाणे बुद्धी मागा, आणि दोन-तीन परिपक्व विश्वासणाऱ्यांचा सल्ला घ्या. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाला रात्री दृष्टान्त झाला, तरी मासेदोनियास जाण्याचे अनुमान सोबत्यांसह काढले गेले. तेथील लेखक "आम्ही" असे लिहितो. तुमच्या मित्रालाही सांगा की निर्णय खुणेवर घेतला म्हणून देव त्याच्यापासून दूर गेलेला नाही. आता जे समोर आहे त्यात प्रामाणिकपणे पुढे जावे आणि गरज असेल तेथे मार्ग बदलावा.

प्रश्न : मी संडे स्कूलमध्ये शिकवते. दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट सांगितली की मुले "आम्हीही शूर होऊ" म्हणतात, आणि इसहाकाची सांगितली की घाबरतात. या गोष्टी कशा शिकवाव्यात?

उत्तर : प्रत्येक गोष्टीत पहिला प्रश्न, येथे देवाने काय केले, हा विचारा आणि त्याचे उत्तर मुलांकडूनच काढून घ्या. दावीदाने स्वतःच दोन गोष्टी बोलून दाखवल्या आहेत: सिंह आणि अस्वल यांच्या पंजातून ज्याने मला सोडवले तो आताही सोडवील, आणि हे युद्ध परमेश्वराचे आहे (१ शमुवेल १७:३७, ४७). या दोन वाक्यांवर धडा उभा केला तर शौर्याचे मूळ कोठे आहे ते मुलांना कळते, आणि जे मूल स्वभावाने भित्रे आहे तेही वगळले जात नाही.

इसहाकाची गोष्ट अगदी लहान मुलांना सांगण्याची घाई करू नका. मोठ्या मुलांना सांगताना तीन गोष्टी अवश्य सांगा. देवानेच अब्राहामाचा हात थांबवला. मुलांचा बळी देणे परमेश्वराला घृणास्पद आहे आणि त्याच्या मनातही ते आले नव्हते, असे पुढे नियमशास्त्रात आणि यिर्मया ७:३१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. आणि अब्राहामाने डोंगराखाली चाकरांना, आम्ही तुमच्याकडे परत येऊ, असे सांगितले होते. मूल घाबरून, माझे बाबा असे करतील का, असे विचारील तर धडा बाजूला ठेवून त्याला नाही असे सरळ उत्तर द्या.

प्रश्न : माझे वय ऐंशीच्या पुढे आहे. अंथरुणाला खिळलो आहे, उपासनेला जाता येत नाही. आयुष्यभर विश्वासात राहिलो, पण माझ्या हातून मोठे असे काहीच घडले नाही. अब्राहाम, मोशे यांच्याविषयी ऐकतो तेव्हा माझ्यासारख्याला त्यातून काय घ्यायचे ते कळत नाही.

उत्तर : आदरणीय काका, इब्री ११ च्या लेखकाने याकोब आणि योसेफ यांच्या आयुष्यातून कोणते प्रसंग निवडले ते मुद्दाम पाहा. याकोबाने रात्रभर देवदूताशी झुंज केली होती, बेथेल येथे स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी पाहिली होती. यांपैकी काहीच त्या अध्यायात नाही. त्याच्याविषयी २१वे वचन एवढेच सांगते की मरतेवेळी त्याने योसेफाच्या दोन्ही मुलांना आशीर्वाद दिला आणि आपल्या काठीच्या टोकावर टेकून देवाला नमन केले. उत्पत्ती ४८ प्रमाणे तेव्हा तो आजारी होता, म्हातारपणामुळे त्याचे डोळे मंद झाले होते, आणि मुलगा भेटायला आला म्हणून बळ धरून बिछान्यावर उठून बसला होता. एका अंथरुणावरील वृद्धाने नातवांसाठी केलेली प्रार्थना, हाच त्याच्या १४७ वर्षांच्या आयुष्यातील विश्वासाचा नमुना म्हणून निवडला गेला.

योसेफाचेही तसेच आहे. सतराव्या वर्षी विकला गेलेला, तिसाव्या वर्षी फारोसमोर उभा राहिलेला, दुष्काळात देश जगवणारा हा माणूस. त्याच्याविषयी २२वे वचन सांगते ते असे की मरताना त्याने इस्राएल लोकांच्या निर्गमनाचा उल्लेख केला आणि आपल्या अस्थींविषयी आज्ञा दिली. जे आपल्या हयातीत होणार नाही ते देव करील, एवढे त्याने घरच्यांना सांगून ठेवले. मोशेने निघताना त्या अस्थी बरोबर घेतल्या (निर्गम १३:१९) आणि त्या शखेम येथे पुरल्या गेल्या (यहोशवा २४:३२). योसेफाने यांपैकी काहीही पाहिले नाही.

मोठे काय आणि लहान काय हे आपण ठरवतो तसे देव ठरवीत नाही. नामानाच्या घरी बंदिवान म्हणून नेलेल्या मुलीचे नावही शास्त्रात नाही, पण तिच्या एका वाक्यामुळे तो सेनापती अलीशा संदेष्ट्याकडे गेला. तीमथ्याची आजी लोईस हिच्याविषयी एका वचनापलीकडे आपल्याला माहिती नाही, आणि पौलाला तीमथ्याच्या निष्कपट विश्वासाचा उगम शोधताना प्रथम तीच आठवली (२ तीमथ्य १:५).

तुम्ही आजही करू शकाल अशी दोन कामे सुचवतो. आयुष्यात देवाने जेथे जेथे सांभाळले ते प्रसंग, नुसते यशाचे नव्हे तर तुम्ही डळमळलात तेही, घरातील एखाद्या तरुणाला थोडेथोडे सांगून लिहून घ्यायला लावा. आणि मुले-नातवंडे यांच्यासाठी एकेकाचे नाव घेऊन, ती समोर असताना, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा. उपासनेला जाता येत नाही याची खंत मनात ठेवू नका. आपल्या पाळकांना निरोप पाठवून प्रभुभोजन घरी देण्याची विनंती करा, आणि ते येतील तेव्हा घरच्या सर्वांना त्या वेळी जवळ बसायला सांगा.